पुढं लग, मागं साधे

आमच्या पाहुण्यारावळ्यांत कुठलंही कार्य असू द्या. जेवणं उरकली, बाप्ये माणसं मंडपातल्या सतरंजीवर कोपर टेकून पसरली, की कुणीतरी म्हणतंच, "दाजी, ते टायरचं सांगा की." मी जरा आढेवेढे घेतो, पाणी मागवतो आणि सांगतो. माझ्या फजित्या तशा पुष्कळ आहेत. शेजारच्या मंडपात शिरून अनोळखी नवरदेवाला आहेर चढवून, वर पोटभर जेवून आलेला माणूस मी. पण मागणी टायरच्या गोष्टीलाच. ऐकणाऱ्यांना ती पाठ आहे. कुठं हसायचं तेही ठरलेलं. तीन वर्षं मी ती सांगत आलो आणि यंदा उन्हाळ्यात कळलं, की मला ती अर्धीच माहीत होती. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

जळकोटात हायवेच्या कडेला माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, हवा, जुने-नवे टायर. गावाशेजारी सहा एकर काळं रान. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तीन कोसांवरच्या वाडीत राहतो. त्याला जीपचं वेड. एक जुनाट, टप नसलेली जीप त्यानं कुठून कुठून सुटे भाग आणून उभी केली होती. दसरा झाला, सोयाबीन निघून रानं मोकळी झाली, की आमच्याकडं अशा जीपा पळवतात. पाच-सहा गाड्या, दहा फेऱ्या, बांधावर माणसांची गर्दी. जीप त्याची, टायर माझे, असं आमचं जमलेलं. चार वर्षांत दोनदा तो पहिला आला होता, आणि दोन्ही वेळा टायर कुठले घालायचे ते मी सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. गोष्ट सांगताना हे कुणी सांगू देत नाही.

टायरचं काय असतं ते सांगतो. शर्यतीच्या रानाचा वरचा अर्धा भाग मुरमाड माळ आणि खालचा अर्धा काळी माती. काळी माती वाळलेली असली की सिमेंटच्या रस्त्यासारखी आणि भिजली की साबणासारखी. आमच्याकडं टायरचे दोन जोड असायचे. एक साधा, सरळ रेघांच्या नक्षीचा, रस्त्यावर चालतो तो. दुसरा लगवाला, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखे जाड उंचवटे, म्हणजे लग, असलेला. चिखलात लगवाला माती धरून ओढतो, साधा जागेवर फिरत बसतो. उलट कोरड्या रानात लगवाला हादरे खातो, वळणावर सरकतो आणि गाडीचा जोर खाऊन टाकतो. शर्यत सुरू झाल्यावर एकदाच टायर बदलायची मुभा. चार माणसं, नट खोलायचे चार पाने, तरी एवढ्यात एक फेरी हातची जाते. तेव्हा गाडी सुटायच्या आधी जे ठरलं तेच खरं. आणि ते ठरवायचं कधी, तर परतीच्या पावसाच्या दिवसांत. ह्या शेतात ऊन आणि त्या शेतात पाणी असं चाललेलं असतं तेव्हा.

बाकीचे मोबाईलवर बघायचे. मोबाईल दसरा ते दिवाळी रोजच ढगाचं आणि विजेचं चित्र दाखवतो, त्याला काय लागतं. मी रान बघायचो. पेरणीच्या आधी वाफसा बघतात तसं. चार बोटं खालची माती मुठीत घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पडून चपटा झाला तर रान ओलं. भुगा होऊन पसरला तर वाफसा आला, पेरायला हरकत नाही. आणि मी म्हणायचो, साधे टायर घालायलाही हरकत नाही. जीपच्या शर्यतीत वाफसा बघणारा माणूस मी एकटाच. लोक हसायचे, मग जिंकल्यावर गप्प बसायचे.

त्यात मी आणखी एक अक्कल लढवली होती. परतीचा पाऊस आमच्याकडं उगवतीकडून येतो. उगवतीला उमरगा, हायवेनं पाऊण तास. तिथं माझा एक जुना दोस्त आहे, टायर रिमोल्ड करतो, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवतो. आम्ही दोघं एकाच मालकाच्या हाताखाली काम शिकलो. घरात कानडी, बाजारात मराठी आणि ट्रकवाल्यांशी दख्खनी बोलणारा गडी. त्याला सांगून ठेवलेलं, शर्यतीच्या दिवशी तुझ्याकडं पाऊस लागला की फोन मारायचा. तिथून निघालेला पाऊस माझ्याकडं यायला तास-सव्वा तास घेतो. ही माझी यंत्रणा. तिचा मला एवढा गर्व, की दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी ती समजावून सांगत असे.

आता त्या सालाचं. आदल्या वर्षी शर्यत चालू असताना मधेच सर आली होती. खालच्या वळणावर जीप घसरली आणि सरळ बांधाकडं गेली. बांधावर बायका बसलेल्या. जीप थांबली ती मेव्हण्याच्या बायकोच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. ती उठली, लुगड्याचा चिखल झटकला आणि काही न बोलता घरी गेली. रात्री जेवताना तिनं त्याला सांगितलं, "अजून एक डाव पळवा. पहिला नंबर आणला तर जीप राहू द्या दारात, म्या परत तोंड उघडणार न्हाय. न्हाय आणला तर दिवाळीच्या आत इकायची." तो हो म्हणाला. हे मला त्यानंच सांगितलं, दुकानात बसून, नवीन ट्यूबवर बोटानं रेघा ओढत.

"दाजी, जीप जाती आता," तो म्हणाला.

"कशी जाती बघतो," मी म्हणालो. "टायर कुणाचे हायती?"

तो हसला. त्या हसण्याबद्दल मी पुष्कळ दिवस विचारच केला नाही.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरलेलं. पण तीन दिवस थेंब नव्हता. बाराच्या सुमाराला मी खालच्या वळणावर बसून माती काढली. लाडू वळला, सोडला. भुगा झाला. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी, तेच. इतका चांगला वाफसा, की हरभरा पेरावा. मी हात झटकत उठलो.

"काय म्हणतंय रान?" मेव्हण्यानं विचारलं.

"साधे. हवा टाईट."

त्यानं आभाळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "बघा तुम्ही. पण उमरग्याचा फोन येऊ द्या की आधी."

किती जबाबदार पोरगा झालाय, असं मला वाटलं. माझीच यंत्रणा मला आठवून देतोय.

फोन दीडला आला. गाड्या दोनला सुटणार होत्या. दोस्त धापा टाकत बोलत होता. "धो धो चाललाय रे. अर्धा तास झाला. तुमच्याकडंच निघालाय."

"लई हाय का?"

"ऐक," तो म्हणाला, आणि त्यानं फोन बाहेर धरला असावा. आवाज आला. घर्र घर्र, तडतड, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. एका कानावर हात दाबून मी ऐकला. मग शेजारच्या दोघांनाही ऐकवला. पाऊस ऐकवणारा माणूस म्हणून मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

मी गणित मांडलं. अर्ध्या तासापूर्वी तिथं लागला म्हणजे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत इथं पोचणार. "लग घाला," मी म्हणालो. "हवा निम्मी सोडा." चिखलासाठी हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर पसरतो. सूस्स करत चारी चाकांतली हवा गेली. माझ्या हाताला अजून मातीचा भुगा चिकटलेला होता.

मेव्हणा स्टेअरिंगवर बसला. आजूबाजूला दहा-बारा माणसं. तो मोठ्यानं म्हणाला, "नक्की ना, दाजी? तुमचा शब्द हाय."

"माझा शब्द," मी त्याच्याहून मोठ्यानं म्हणालो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी चार जीपा साध्या टायरवर, माळावर धुरळा उडवत गेल्या, आणि आमची जीप त्यांच्यामागं म्हशीसारखी हलत. लगांचा आवाज बांधापर्यंत येत होता, भरर्र भरर्र. दुसऱ्या फेरीत ऊन पडलं. चांगलं कडक ऊन. बांधावरचा एक म्हातारा मला म्हणाला, "तुमचा पाऊस कुठवर आलाय, पाव्हणं?" मी म्हणालो, निघालाय. तिसऱ्या फेरीत त्यानं परत विचारलं. मी म्हणालो, हायवेला ट्रॅफिक असेल. लोक तिथं हसतात, गोष्टीत.

चौथ्या फेरीला मी जीप आत घ्यायला लावली. साधे टायर चढवू, अजून सहा फेऱ्या आहेत, निदान दुसरा-तिसरा तरी येईल. आधी मागची दोन चाकं उतरवली, साधी चढवली, नट आवळले. पुढच्या चाकाला जॅक लावला आणि माझ्या मानेवर थेंब पडला. मग हातावर एक. मग जीपच्या बोनेटवर दोन.

"थांबा," मी ओरडलो. "आला. काढू नका."

"दाजी, मागं साधे बसलेत," पाना धरलेला गडी म्हणाला.

"राहू दे. पुढं लग, मागं साधे. दोन्हीकडनं बरं."

टायरच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. मी ते तेव्हा पूर्ण विश्वासानं म्हणालो. जीप जॅकवरून खाली आली आणि गेली. एकूण थेंब किती पडले हे मोजता आलं असतं, एवढेच होते. पुढची चाकं एकीकडं ओढायची, मागची दुसरीकडं जायची. नवव्या फेरीत खालच्या वळणावर पुढचा डावा टायर, हवा निम्मीच असल्यामुळं, रिंगवरून निसटला. पाचांत पाचवी. हिरव्या जीपवाला एक गडी, कर्नाटकाच्या बाजूनं आलेला, झिजलेल्या साध्या टायरवर पहिला आला.

मेव्हणा चालत आला. सगळी माणसं बघत होती. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या, दाजी. माणूस चुकतो."

गावानं त्याचं फार कौतुक केलं. एवढी जीप चालली हातची, पण दाजीला शब्दानं बोलला नाही, मन मोठं. माझ्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मला तर जमिनीत शिरावंसं वाटत होतं, पण जमीन कडक होती.

जीप दिवाळीच्या आत गेली. सोनारीकडच्या एका माणसानं घेतली, आता ती तिथं देवाला येणारी माणसं मोटारस्टँडवरून नेते म्हणतात. ती नेली त्या दिवशी मी नारळ घेऊन गेलो. मेव्हणा बाहेर आला नाही. आतूनच विचारलं, "गेली का?" मी हो म्हणालो आणि ओसरीवर बसून रडलो. दुःखानं तो बाहेर येत नाही, असं मी धरलं. त्याच्या बायकोनं मला चहा दिला, आणि माझ्याकडं असं पाहत होती, जसं आपण चुकून भलत्या एसटीत बसलेल्या माणसाकडं पाहतो.

मग चेष्टा. दुकानात टायर बदलायला आलेला कुणीही म्हणे, "कुठला घालू, दाजी? का उमरग्याला इचारता?" जीप पळवणारी नवी पोरं माझ्या दुकानात हवा भरतात, पण टायर कुठले घालू हे मला विचारत नाहीत. मी विचार केला, लोक सांगणार त्यापेक्षा आपणच सांगावी. निदान नीट तरी सांगू. आणि मला सांगता येते. वाक्यं घासून घासून गुळगुळीत झाली. मंडपात मेव्हणा समोरच बसायचा आणि सगळ्यांत आधी हसायचा. फोनपाशी तर इतरांच्या जरा आधीच.

एक गोष्ट मात्र मी मंडपात कधी सांगितली नाही, कारण तिला कुणी हसलं नसतं. त्या दिवसानंतर मी वाफसा बघणं सोडलं. पूर्वी शेजारपाजारचे विचारायला यायचे, आज पेरू का. त्या सालापासून मीच बांधावरून शेजाऱ्याकडं बघत बसलो. त्याचा ट्रॅक्टर रानात शिरला की दुसऱ्या दिवशी माझा. एकदा त्यामुळं ओल उडून गेली आणि हरभरा विरळ उगवला. हातानं सांगितलेलं बरोबर होतं, हे मला ठाऊक होतं. पण हाताचं ऐकायचं की कानाचं, ह्यात मी एकदा कानाचं ऐकून मेव्हण्याचं दार रिकामं केलं होतं. असा माणूस हाताचं तरी धड ऐकेल कशावरून, असं व्हायचं.

यंदा उन्हाळ्यात बायकोची दाढ ठणकायला लागली म्हणून उमरग्याला गेलो. दवाखान्यात नंबर बाविसावा. बायकोला बाकावर बसवलं आणि मी दोस्ताचं घर गाठलं. शर्यतीनंतर त्याच्याकडं जाणं कमी झालेलं. तो टाळायचा, मला वाटायचं लाजतोय, चुकीचा अंदाज दिला म्हणून. मीच उलट त्याला फोनवर समजावलं होतं, पाऊस काय तुझ्या हातात हाय का, वाटेत मुरला असेल.

"बर्री, बर्री," म्हणत त्यानं आत नेलं. पंखा लावला. त्याच्या बायकोनं चहा आणला आणि मी वर बघून म्हणालो, "घर झकास झालं."

"स्लॅब तर बघा भाऊजी," ती म्हणाली. "तीन पावसाळे झाले, टिपका गळत न्हाय. शेजारच्यांचा गळतो. त्यांचा वल्ला असताना पावसानं झोडपला. आमचा टाकला त्या दिशी सकाळपासनं रातपतुर आभाळ आलं, पर थेंब न्हाय. देवच उभा होता."

"कधी टाकला स्लॅब?"

"तुमची शर्यत होती की जीपची. त्याच दिशी. म्हणून तर ह्यांना येता आलं न्हाय. दिवसभर मिक्सर घरघरत होता दारात, कान किट्ट झाले."

मी दोस्ताकडं पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता. बशी भरली तरी ओतत होता.

त्याची बायको आत गेली. आम्ही दोघं बसलो. खडी, वाळू आणि पाणी घालून मिक्सर फिरतो तेव्हा कसा आवाज येतो, हे मी आठवत होतो. घर्र घर्र, तडतड. दोन माणसांना ऐकवला होता मी तो.

"तू धापा टाकत होतास," मी म्हणालो.

"पाटी उतरवून आल्तो," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्या आधी न्हाय म्हणलं होतं. तीनदा न्हाय म्हणलं. त्यो इथं आल्ता, आदल्या आठवड्यात. ह्याच खुर्चीत बसला."

"कोण?"

"तुझा मेव्हणा."

मी कप खाली ठेवला. तोच बोलत गेला. त्या शर्यतीच्या आदल्या साली जीप त्याच्या बायकोच्या गुडघ्यापर्यंत गेली, तेव्हापासून त्यानं धास्ती घेतलेली. खालचं वळण आलं की पाय आपोआप ब्रेकवर. रात्री झोपेतसुद्धा. पण दोनदा पहिला आलेला गडी, भ्यालो म्हणून सांगणार कुणाला. मुद्दाम मागं राहावं तर बांधावरच्या माणसांना गाडी कळते. आणि चुकून पहिला आला तर जीप दारात, म्हणजे दरसाल पळवणं आलं.

"म्हणून टायर," मी म्हणालो.

"टायर चुकला तर ड्रायव्हरला कोण बोलतं?"

"आणि टायरवाल्याला?"

त्यानं मान खाली घातली. "त्यो म्हणला, दाजीचं काय, दाजी चुकले म्हणलं की लोक दुसरं काय इचारतच न्हाईत. हसतेत आणि सोडतेत. दाजीला सवय हाय."

एवढं मात्र लागलं. जीप जाऊ द्या. दोस्त खोटं बोलला तेही एक वेळ जाऊ द्या, तसा तो टायरच्या वयाबद्दल रोज बोलतो. पण मी जन्मभर माझ्या फजित्या लोकांना हसत हसत वाटल्या, आणि घरच्याच माणसानं त्या गोळा करून माझ्याविरुद्ध वापरल्या. माझ्यावर कुणीही विश्वास ठेवेल, हे त्याला ठाऊक होतं. मी चुकलो, एवढ्यापुरता.

चहा तसाच ठेवून निघालो. दोस्त दारापर्यंत आला. म्हणाला, "शिव्या तरी दे." मला एकही आठवेना. दवाखान्यात बायकोचा गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं तिला, म्हणून जळकोटापर्यंत मला कुणी काही विचारलं नाही.

महिन्याभरानं मेव्हण्याच्या वाडीत एक बारसं होतं. जेवणं झाली, सतरंजी पसरली. मेव्हणाच म्हणाला, "दाजी, टायरचं सांगा."

मी पाणी मागवलं आणि सांगितलं. पण फोन गाळला. रान बघितलं, लाडूचा भुगा झाला आणि मी लग घातले, असं सांगितलं. उमरगा नाही, दोस्त नाही, पावसाचा आवाज नाही. गोष्ट पडली. कोरड्या रानात उगीच लग घालणारा माणूस हसण्यासारखा नसतो, नुसता खुळा असतो. दोघं-तिघं चुळबुळले. एकजण म्हणाला, "दमलेत दाजी."

मेव्हणा हसला नव्हता. मी हात धुवायला गेलो तेव्हा तांब्या घेऊन मागं आला. हातावर पाणी घालत म्हणाला, "आज फोन गाळला तुम्ही."

"स्लॅबच्या दिवशी कोण फोन करतं."

पाण्याची धार थांबली. मग परत सुरू झाली. माझे हात केव्हाच धुऊन झाले होते, पण तो घालत राहिला आणि मी चोळत राहिलो.

"लई दिवस सांगीन म्हणत होतो," तो म्हणाला.

"मला सांगायचं होतंस, भ्यालोय म्हणून. मी चारी टायर फोडले असते तुझे. कुणाला पत्ता लागला नसता."

"तुम्ही सांगितलं असतं, दाजी. पुढल्याच कार्यात. झकास सांगितलं असतं."

खरंच सांगितलं असतं मी. बहुतेक त्याच रात्री.

"मला एक सांग," मी म्हणालो. "फोन आला नसता, मी साधेच घातले असते, तर?"

"पहिला आलो असतो. तुमचा हात कधी चुकलाय? म्हणून तर फोन लावायला लागला."

तीन वर्षांत माझ्या हाताबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. आणि ते ह्या माणसानं बोलावं. मी हात पुसले नाहीत, तसेच ओले घेऊन उभा राहिलो.

"तुझ्या बायकोला ठाऊक हाय?"

"म्या सांगितलं न्हाय. पर माळावर धुरळा उडत असताना म्या मुकाट लग घालू दिले, हे तिनं त्या दिशी बघितलं होतं. तिनं काय इचारलंच न्हाय." मग हळूच म्हणाला, "ताईला सांगू नका."

ताई म्हणजे माझी बायको. मी नाही म्हणालो. तोंडानं अजून सांगितलेलं नाही.

पुढं पेरणीचे दिवस आले. एका सकाळी मी रानात गेलो, कुणी बघत नाही असं बघून खाली बसलो, चार बोटं माती काढली, लाडू वळला आणि सोडला. भुगा झाला. वर बघतो तर शेजारी बांधावर उभा.

"काय म्हणतंय, दाजी? पेरायचं का?"

"हात म्हणतोय पेर," मी म्हणालो. "खात्री करायची असली तर उमरग्याला फोन लाव."

तो पोट धरून हसला आणि म्हणाला, दोन दिवस थांबतो. मी थांबलो नाही. त्याच दुपारी पेरायला सुरुवात केली.

पेरणीला मेव्हणा दरसाल येतो. तिफणीमागं नाही तर ट्रॅक्टरवर, पण येतो, आणि दुपारी आम्ही दोघं बाभळीखाली एका ताटात जेवतो. यंदा मी त्याला निरोप धाडला नाही. बायको भाकरी घेऊन आली, तिनं रानात इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "भाऊ कसा न्हाय आला?"

"फोन लागला न्हाय," मी म्हणालो.